‘तुळशी’च्या बॉयलरचं लॅगिंग

जानेवारीतल्या एका सकाळी रंकाळ्यावर बोचरा वारा होता. ‘तुळशी’, माझी रिमोटवर चालणारी वाफेची छोटी बोट, काठापासून पंचवीस-तीस हात आत गेली, एक वळसा घेतला आणि तिचा आवाज बसला. इंजिनाची टकटक सावकाश होत गेली. रिमोटवरून थ्रॉटल पूर्ण उघडलं तरी फरक पडेना. कशीबशी काठाला आणली, वाकून पाहिलं तर प्रेशर गेजचा काटा 1 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) जरासा वर. निघताना तो 3 वर होता. बर्नर पेटलेला, पातळी दाखवणाऱ्या पाणकाचेत निम्म्याच्या वर पाणी, गॅस शिल्लक. घरी गच्चीवर प्लास्टिकच्या टबात हीच बोट, एवढ्याच गॅसवर, अडीच किलोच्या खाली कधी आली नव्हती.

बॉयलरच्या वाऱ्याआडच्या बाजूला हात धरला. कढत झळ तळहातावर आली. जी उष्णता वाफेत जायची ती तळ्यावरच्या हवेला मिळत होती.

साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये मी 31 हंगाम काढले, त्यातली शेवटची 18 वर्षं फर्स्ट क्लास अटेंडंट म्हणून. तिथं एखाद्या फ्लँजजवळचं वीतभर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, निखळलेलं दिसलं तरी शिफ्टच्या वहीत नोंद व्हायची. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या हातानं केलेला बॉयलर मी उघडाच चालवत होतो, कारण घासलेलं तांबं मला बघत राहावंसं वाटायचं.

आधी बॉयलरविषयी सांगतो. तांब्याची 76 मिलिमीटर बाहेरव्यासाची, 150 मिलिमीटर लांबीची आडवी नळी, भिंत 2 मिलिमीटर. मधून 35 मिलिमीटरचा फ्लू, म्हणजे ज्योत आणि गरम वायू जायची नळी, त्यात आडव्या बारीक नळ्या, आणि फ्लूच्या एका तोंडाला ब्युटेनचा बर्नर. सगळे सांधे सिल्व्हर ब्रेझिंगचे, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून जोडलेले. पाणी मावतं साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास. आपल्या बॉयलर कायद्याच्या कक्षेत 25 लिटरच्या आतली भांडी येत नाहीत, म्हणजे याला तपासायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. सगळी जबाबदारी आपलीच, म्हणून कारखान्यातली शिस्त मी घरात आणली. चालवायचं प्रेशर 3 किलो, तर पहिली हायड्रॉलिक टेस्ट दुप्पट, 6 किलोवर. थंड पाण्यानं, हवेचा बुडबुडाही आत न ठेवता, अर्धा तास काटा जागचा न हलता. ती टेस्ट वर्षभरापूर्वी झाली होती. लॅगिंगचा विचार डोक्यात आल्यावर ती दीडपटीवर पुन्हा घेतली, कारण एकदा अंग झाकलं की सांध्यातून येणारा घाम दिसत नाही.

आता पहिला संशय कुणावर घ्यायचा? थंडीत ब्युटेनचं प्रेशर पडतं आणि ज्योत लहान होते. टाकीतला गॅस जसजसा उडतो तसतशी टाकी आणखी गार पडते. तेव्हा दोष कदाचित गॅसचा असेल. खात्री करायला गच्चीवर पहाटेच बोट मांडली, गॅसची टाकी आणि बर्नर प्लायच्या तुकड्यांनी आडोशाला घेतले आणि बाजूनं टेबल फॅन लावला. फॅन बंद असताना इंजिन चालू ठेवून काटा 2.7 वर उभा. फॅन सुरू केला आणि सात-आठ मिनिटांत तो 1.6 वर आला. फॅन बंद, पुन्हा हळूहळू वर. हे तीनदा केलं. गॅस निर्दोष सुटला.

मग कागद-पेन्सिल घेतली. 3 किलो प्रेशरला पाण्याचं तापमान 143 अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा 28 धरली तर फरक 115. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण 360 चौरस सेंटिमीटर, दोन्ही तोंडं धरून 430. काळवंडलेलं तांबं स्थिर हवेत एवढ्या फरकाला ढोबळमानानं 65 वॉट सोडतं, वाऱ्यात शंभराच्या पुढं. बर्नरचे प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे वॉट पाचशेच्या आसपास. म्हणजे वाऱ्यात दर पाच चमचे वाफेतला एक चमचा मी तळ्याला देत होतो. कारखान्याच्या 67 किलो प्रेशरच्या बॉयलरवर हा तोटा एक-दीड टक्क्याच्या आत असतो. भांडं जितकं लहान तितकं त्याच्या पोटाच्या मानानं त्याचं अंग मोठं, हे तिथं 31 वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, इथं जाणवलं.

इथं एक इशारा. मी तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता, तोच ज्यानं कोरोनाच्या काळात कपाळं मोजली त्या जातीचा, पण जास्त तापमानाचा. 3 किलोवर असलेल्या घासलेल्या तांब्यावर रोखला तर आकडा आला 46. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार थोडी विकिरणानं सोडतो, आणि हे यंत्र तेवढंच मोजतं. त्याला जे दिसतं ते तांब्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंब. त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणी हात लावला तर कातडी जाईल. बॉयलरवर काळ्या उष्णतारोधक रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला, त्यावर रोखलं, तेव्हा आकडा 139 आला. मोजायचं असेल तर आधी ठिपका द्या.

काय गुंडाळायचं

बाजारात विचारलं तर एका दुकानदारानं लगेच अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी काढून दिली. मी ती परत सरकवली. मी कामाला लागलो तेव्हा लॅगिंगचा पांढरा लगदा माणसं हातानं कालवून नळ्यांवर थापायची, आणि ती पांढरी धूळ अंगावर घेऊनच डबे उघडायची. ते तंतू फुप्फुसात अडकतात आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागतात. ब्रिटनमध्ये 1999 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. जुन्या मॉडेलांच्या माहितीत अजूनही ‘अ‍ॅस्बेस्टॉसचा कागद लावावा’ असं लिहिलेलं सापडतं. लावू नका, आणि जुनं मॉडेल विकत घेतलंत तर त्याच्या आवरणाला कोरडं असताना हात लावू नका.

उरले पर्याय तीन. बुचाचा पत्रा, जो कापायला सोपा आणि उष्णता अडवायला उत्तम. पण मला मिळाला तो गॅस्केटचा, रबर मिसळलेला, आणि तुकडा तव्यावर ठेवून पाहिला तर घरभर वास सुटला. दुसरा लोकरीचा जाड नमदा. चांगला, पण ओला झाला की सुकता सुकत नाही. तिसरा सिरॅमिक फायबरचा कागद, 2 मिलिमीटर जाडीचा. कारखान्यात याचंच ब्लँकेट भट्टीच्या दारांना वापरायचो. शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीतून हातभर तुकडा मिळाला. याचेही तंतू चांगले नाहीत. मास्क लावला, कागदावर पाण्याचा फवारा मारून ओला करूनच कापला, आणि कचरा ओल्या फडक्यात गुंडाळून टाकला. दोन थर घातले, म्हणजे 4 मिलिमीटर.

कागद एकटा ठेवता येत नाही, बोट लागलं तरी फाटतो. त्यावर कवच हवं. कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. बोटीवर मात्र बॉयलरच्या लांबीच्या दिशेनं लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांना पितळी पट्टे, ही जुनी चाल आहे, आणि ती नुसती शोभेची नाही. ‘लॅग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी पिंपाची फळी. जेम्स वॉटनं 1769 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी जे पेटंट घेतलं त्यात पहिलंच तत्त्व असं सांगितलंय की सिलिंडर आत येणाऱ्या वाफेइतकाच गरम राहिला पाहिजे, आणि त्यासाठी पहिला उपाय म्हणून लाकडाची किंवा उष्णता सावकाश वाहणाऱ्या कशाची तरी पेटी सांगितली आहे. कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणारं भांडं, वेगळा करण्याची गोष्ट त्याच्या पुढं येते. आम्हाला आयटीआयमध्ये वॉट म्हणजे कंडेन्सर एवढंच शिकवलं होतं.

गल्लीतल्या सुताराकडं सागवानाच्या चौकटींचे उरलेले तुकडे पडून होते. 6 मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर जाड पट्ट्या पाहिजेत म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला.

“काका, एवढ्या बारीक पट्ट्या कशाला वो? पिंजरा करताय काय?”

“बॉयलरला अंगरखा शिवायचाय मिस्त्री.”

“मग कडा तिरप्या पायजेत. सरळ ठेवल्या तर गोलावर फटी पडतील बघा.”

त्याला पिंप माहीत होतं. 84 मिलिमीटर व्यासाच्या गोलावर 44 पट्ट्या बसतात, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये आठ अंशांचा कोन. प्रत्येक कडेला चार अंश. त्यानं पट्ट्या काढून दिल्या, कडा मी घरी काचेवर पॉलिशपेपर ठेवून एकेक करून उतरवल्या. चार संध्याकाळी त्यात गेल्या.

पहिला प्रयत्न

पहिल्यांदा मी पट्ट्या चिकटवल्या. सिरॅमिक कागदावर मांजरपाटाचं कापड, त्यावर सुतारकामाचा पांढरा गोंद, आणि एकेक पट्टी शेजारी शेजारी. सुकेपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून त्या रबरबँडसारख्या चढवल्या. हे ट्यूबचं काम मात्र फार छान होतं, कितीही गोल वस्तू असो, सगळीकडून सारखी दाबून धरते. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढल्या, पितळी पट्टे बसवले. देखणं दिसत होतं. वाफ केली. वीस मिनिटांत गोंद मऊ पडला, पट्ट्या जागच्या सरकायला लागल्या, आणि तळाकडच्या तीन खाली लोंबल्या. पांढरा गोंद साठ-सत्तर अंशांवर ढिला पडतो आणि आत तर त्याच्या दुप्पट. गार झाल्यावर दुसरी गोष्ट दिसली. लाकूड वाळून आक्रसलं होतं. जिथं केसही शिरत नव्हता तिथं आता पोस्टकार्ड शिरत होतं.

इपॉक्सी लावा असं एकानं सुचवलं. मी दोन दिवस त्यावर विचार केला, आणि नाही म्हटलं. कारण माझ्या डोळ्यांपुढं एक स्टीम लाइन आली.

गळीत एप्रिलमध्ये संपलं की पुढचे सहा महिने कारखाना गार असतो, आणि त्यातच कोल्हापूरचा पाऊस. एका ऑफ सीझनमध्ये वरच्या मजल्यावरच्या लाइनचं क्लॅडिंग, म्हणजे लॅगिंगवरचा पत्रा, सहज म्हणून एका जागी उघडलं. बाहेरून पत्रा आरशासारखा. आत लोकर पिळून काढावी इतकी ओली, कुठल्यातरी सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी उतरत होतं. नळीच्या तळाशी गंजानं खड्डे पाडलेले, एका ठिकाणी निम्मी जाडी उरलेली. हंगाम सुरू झाला असता तर त्या नळीखालून रोज तिन्ही शिफ्टची माणसं गेली असती. तेव्हापासून मी लॅगिंगकडं कधी निर्धास्तपणे बघू शकलो नाही. ते उष्णता धरतं तसं दोषही धरून ठेवतं. तांबं लोखंडासारखं गंजत नाही हे खरं, पण ब्रेझिंगच्या सांध्यातून झिरपणारं पाणी त्यालाही सोडत नाही, आणि ओलं झालेलं आवरण उष्णता अडवायचं सोडून वाहून नेतं. म्हणून माझ्या बॉयलरवर जे चढेल ते पाच मिनिटांत, काही न फाडता, उतरलंच पाहिजे. चिकटवणं बाद.

दुसरा प्रयत्न

पट्ट्या आधी सुकवल्या. बॉयलरवरच, ढिल्या पितळी पट्ट्यांत अडकवून, दोन वेळा अर्धा-अर्धा तास वाफ केली. जेवढं आक्रसायचं तेवढं आधीच आक्रसू दिलं. मग कडा पुन्हा जुळवल्या, आणि एक पट्टी जास्तीची लागली, म्हणजे झाल्या 45. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं क्रमांक घातला. कापड नाही, गोंद नाही. कागदाच्या थरावर पट्ट्या रचायच्या, ट्यूबच्या चकत्यांनी धरायच्या, मग तीन पितळी पट्टे चढवायचे. पट्टे 0.3 मिलिमीटरच्या शिम पितळेचे, 5 मिलिमीटर रुंद. टोकं काटकोनात दुमडून त्यांना छोटे ठोकळे ब्रेझ केले, आरपार एक बारीक स्क्रू, आणि हे सांधे बरोबर तळाशी, जिथं दिसत नाहीत पण बारीक स्क्रूड्रायव्हर पोचतो. वाफ झाल्यावर, बॉयलर गरम असतानाच अर्धा फेरा आणखी आवळायचे, कारण तेव्हा लाकूड सर्वांत कोरडं असतं.

बॉयलरच्या पाठीवर चार बुश (जोडण्या बसवायच्या कड्या) आहेत: सेफ्टी व्हॉल्व्ह, स्टीम व्हॉल्व्ह, गेज आणि पाणी भरायचं तोंड. तिथल्या पट्ट्या बुशच्या अलीकडं कापल्या आणि सगळीकडून 4 मिलिमीटर मोकळं सोडलं. दिसायला बुशला चिकटून कापलेलं लाकूड जास्त सुबक दिसतं, मला ठाऊक आहे. पण त्या मोकळ्या कडीतून सांध्याभोवतीचं तांबं दिसतं, आणि पाना घालायला जागा राहते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या अंगावर काहीही गुंडाळायचं नाही. पाणकाचेचे दोन्ही बुशही असेच मोकळे.

दोन्ही तोंडांशी लाकूड 8 मिलिमीटर अलीकडंच थांबवलं. बाकी अंग वाफेपेक्षा जास्त तापत नाही, 143 अंशांवर सागवान जळत नाही, फक्त काळसर होतं. पण फ्लूमधून बाहेर पडणारा वायू कितीतरी पट गरम असतो. बर्नरकडच्या तोंडाला सिरॅमिक कागदाची चकती आणि त्यावर पितळी पत्र्याची टोपी, एवढंच.

व्यास 89 मिलिमीटर झाला, वजन 120 ग्रॅमनं वाढलं. बॉयलर ज्यांवर टेकतो ते खालचे घोडे नव्यानं केले आणि तळातलं शिसं तेवढंच कमी केलं.

उत्साहाच्या भरात इंजिनाकडच्या नळीलाही पांढरी सुती दोरी गुंडाळली. दिसते सुरेख. पण हिशेब केल्यावर कळलं की 4 मिलिमीटरच्या नळीवर 1 मिलिमीटरची दोरी उष्णता वाचवत नाही, उलट किंचित जास्त घालवते. बारीक नळीवर आवरण चढलं की हवेला लागणारं अंग झपाट्यानं वाढतं, आणि पातळ दोरीचा अडसर तेवढा भरून काढत नाही. जाड थर दिला तरच फायदा. मी दोरी ठेवली आहे, पण ती बोटं भाजू नयेत म्हणून. सिलिंडरांना मात्र सागवानाचं छोटं जाकीट खरोखर उपयोगी पडलं. सुरुवातीला एक्झॉस्टमधून पिचकारीसारखं पडणारं पाणी लवकर थांबायला लागलं.

एक चूक मात्र महागात पडली असती. नळीवर जो तेलाचा डिस्प्लेसमेंट ल्युब्रिकेटर आहे त्यालाही मी दोरीनं मढवलं. चौथ्या-पाचव्या फेरीत इंजिन कर्कश वाजू लागलं. ल्युब्रिकेटर उघडला तर तेल होतं तसंच. या भांड्याचं कामच असं की त्यात शिरलेली थोडी वाफ थंड होऊन पाणी व्हावी, पाणी तळाला बसावं आणि तेल वर ढकललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जावं. मी त्याला उबदार ठेवलं, वाफेचं पाणी होईना, तेल हलेना. दोरी त्याच दिवशी कापून काढली. ल्युब्रिकेटर उघडाच राहू द्या, घासलेला, वाऱ्यात.

आकडे

थंड पाण्यापासून 3 किलोपर्यंत यायला आधी 8 मिनिटं 20 सेकंद लागायचे, आता 7 मिनिटं 50. फार फरक नाही, आणि तो असायलाही नको, कारण तेवढ्या वेळात बहुतेक उष्णता पाणी आणि तांबं तापवण्यातच जाते. खरा फरक उलट्या चाचणीत दिसला. 3 किलोवर बर्नर बंद, व्हॉल्व्ह बंद, आणि काटा 1 किलोवर यायला किती वेळ? उघड्या बॉयलरला 8 मिनिटं 40 सेकंद. लॅगिंगनंतर 13 मिनिटं 10 सेकंद. फ्लूच्या तोंडावर पत्र्याची टोपी ठेवली तर आणखी जास्त, कारण उरलेली उष्णता आता आतल्या बाजूनं, चिमणीतून पळत होती. लाकडाचं बाहेरचं तापमान 80-85 अंश. म्हणजे हात लावायचा नाहीच. लाकूड आहे म्हणून गार असेल असं शेजारच्या पोरांना वाटतं, त्यांना आधी सांगून ठेवतो.

एका खेपेत बोट चालते तेवढीच, अठरा-वीस मिनिटं, कारण ती मर्यादा पाण्याची आहे. गॅस मात्र कमी लागतो. टाकी आधी दीड खेप पुरायची, आता जवळपास दोन. फॅनची चाचणी पुन्हा घेतली. काटा 2.7 वरून 2.4 वर आला आणि तिथं थांबला.

फेब्रुवारीत, तसाच वारा असलेली सकाळ बघून, पुन्हा रंकाळ्यावर गेलो. शालिनी पॅलेसच्या बाजूनं सोडली. केंदाळाची एक पट्टी चुकवत तिनं मोठा वळसा घेतला, वाऱ्याच्या तोंडावर आली, आणि टकटक तशीच राहिली. फिरायला आलेले दोघं-तिघं थांबले. वीस मिनिटांनी काठाला लावली तेव्हा काटा 2.3 वर होता.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पट्टे सोडून सगळं उतरवलं. पाणकाचेच्या खालच्या बुशजवळ, कागदावर करंगळीच्या नखाएवढा हिरवा डाग होता. त्याच्या नेमक्या वर 17 क्रमांकाची पट्टी, आतून काळपट. तिथल्या ग्लँडचा, म्हणजे गळती अडवणाऱ्या जोडाचा, रबर बदलला, तेवढा कागद कापून नवा लावला, आणि साडेचार किलोवर पाण्याची टेस्ट घेतली. अर्धा तास. काटा हलला नाही. मग 1 पासून पट्ट्या रचायला घेतल्या.